खुनी ओळखण्याची दिवा पद्धत

मालिकेतला खुनी ओळखायला शिकवणारा एकही क्लास आपल्याकडे नाही. मेंदीचे आहेत, शिवणाचे आहेत, ठाण्याजवळच्या आमच्या दिवा पूर्वेला तर जिन्याखालच्या खोलीतही कसला ना कसला कोर्स चालू असतो. पण रात्री साडेदहाला वाड्याच्या मागच्या दारातून कोण गेलं, हे कसं ओळखावं ते रीतसर कोणी सांगत नाही. माणसं आपापल्या हिमतीवर शिकतात, छातीठोकपणे सासऱ्याचं नाव घेतात आणि दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात तोंडघशी पडतात. नवशिक्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा पहिला पाठ. फी नाही. मालिका शेवटपर्यंत बघण्याची तयारी मात्र हवी, आणि ती फीपेक्षा महाग पडते.

पात्रता

शिक्षणाची अट नाही, चष्मा असला तरी चालतो. दिव्यात राहत असाल तर निम्मा अभ्यासक्रम झालाच आहे असं समजा. मुंब्रा सोडल्यावर गाडी मध्येच का थांबली, किती वेळ थांबणार आणि अखेर सुटली ती का सुटली, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर न मिळता जो माणूस दोन बॅगांच्या मध्ये उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो, त्याला चार महिने लांबलेला खून जड जात नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ता ओला दिसला की टँकर येऊन गेला, आणि ओल पलीकडच्या बिल्डिंगकडे वळली असेल तर आपल्या टाकीत काही पडलेलं नाही, हे चपला काढायच्या आत ओळखणारी बाई मुळातच गुप्तहेर असते. तिला फक्त मालिकेची परिभाषा शिकवायची असते.

दिव्याचा आणखी एक फायदा रुळांचा आहे. इथून एक फाटा वसईला जातो, एक पनवेलला, आणि सावंतवाडीची दिवसाची गाडी इथूनच सुटते. मराठी टीव्हीवरचा सर्वांत गाजलेला वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीत आहे. म्हणजे संशयितांच्या गावी जायला आपल्याला गाडी बदलावी लागत नाही. त्याच गाडीसाठी ठाणेकरांना आधी दिव्याला यावं लागतं. एवढ्या एका बाबतीत का होईना, ते आपल्या मागे आहेत.

पाठ्यपुस्तक

झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ला सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ हेच पाठ्यपुस्तक धरावं. नाव घेतलंय ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६च्या चित्रपटातल्या गाण्यावरून. गोष्ट नाईकांच्या वाड्याची, म्हणजे आकेरीतल्या त्याच वाड्याची. पहिल्याच भागात घरातला कर्ता म्हातारा, अण्णा नाईक, मरतो. मुंबईची लेकरं-सुना गावी येतात आणि मग विहीर, झाड, देवघर, माडी असं एकेक करून सगळं संशयित ठरतं. मालिका आली तेव्हा कोकणातून विरोधही झाला. आमच्या गावाकडे एवढी भुतं नाहीत, बदनामी थांबवा, असं लोक म्हणत होते. दिव्यात अर्धी वस्ती कोकणातली. ती सकाळी विरोध करायची आणि रात्री साडेदहाला दार लोटून घ्यायची.

पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपलं. खुनी कोण ते इथे सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांचा सराव बुडायला नको. माझ्यापुरतं बोलायचं तर तो शेवट पाहुणे दारात उभे असताना आवरलेल्या खोलीसारखा वाटला. वरून सगळं नीट, पण कपाट उघडू नये. त्याच वर्षी डिसेंबरात दिव्याला जलद लोकल थांबायला लागली. वर्षानुवर्षं लटकलेला प्रश्न सुटल्याचं समाधान दिवेकरांना त्या वर्षी मिळालं ते मालिकेकडून नव्हे, हे नोंदवून ठेवायला हवं.

आधी हात साफ करून घ्या

थेट वाड्यात शिरू नका. पोहायला शिकणारा पहिल्या दिवशी खाडीत उतरत नाही. सुरुवात ‘सीआयडी’ने करावी. १९९८ला सुरू झालेली ही मालिका वीस वर्षं चालली, आणि तिचा मोठा गुण म्हणजे प्रकरण हाती घेतलं की ते लवकर निकाली निघायचं. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम त्याआधी मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’मध्येही होते, त्यामुळे मराठी घरांत त्यांचा हात हवेत फिरायला लागला की आजोबा आधीच पाणी पिऊन यायचे. इथला साधा नियम पाठ करा: ज्याला पहिल्या दहा मिनिटांत विनाकारण दोन वाक्यं मिळाली आहेत, तो. शेजारी, माळी, बँकेतला मित्र, कोणीही असो. निर्माता दोन वाक्यांचे पैसे उगाच मोजत नाही.

हा नियम रोजच्या मालिकेत लावायला गेलात तर फसाल. तिथे सगळ्यांनाच विनाकारण वाक्यं असतात.

धागे आणि त्यांच्या जाती

नवशिक्या जे जे दिसेल त्याला धागा समजतो. भिंतीवरचं घड्याळ घ्या. रात्रीचा प्रसंग आहे, बाहेर रातकिडे ओरडताहेत, आणि घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली. अर्ध्या तासाने घरात आरडाओरडा, तरी घड्याळात दहा वाजून दहाच. नवशिक्या ताडकन उठतो: वेळ थांबलीय! अण्णांच्या मृत्यूची वेळ! बसा. सेटवरचं घड्याळ बहुधा बंदच ठेवलेलं असतं. एकच प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी दुपारभर चित्रित होतो. काटे फिरत राहिले तर जोडलेल्या तुकड्यांत एका वाक्याला सव्वाअकरा आणि त्याच्या उत्तराला पाऊण वाजलेला दिसेल. टिकटिक ध्वनिमुद्रणात शिरते ती वेगळीच. म्हणून सेल काढून टाकतात. हा धागा नव्हे, ही काटकसर आहे.

तीच गत कपाळावरच्या टिकलीची. उंबरठ्याच्या आत लाल आणि बाहेर मरून, म्हणजे बाई दोन आहेत, असा निष्कर्ष काढू नका. आतला प्रसंग मंगळवारी झाला आणि बाहेरचा शुक्रवारी, एवढाच त्याचा अर्थ. झोपेतून दचकून उठलेल्या सुनेच्या ओठांवर लिपस्टिक असते, तेव्हा ती जागीच होती असंही समजू नये. तसं धरलं तर मराठी मालिकांतली एकही सून २००० सालापासून झोपलेली नाही.

खरे धागे निराळे असतात आणि ते ओळखायला कान लागतात. दूध उतू गेलं, देवापुढची समई विझली, कुंकवाचा करंडा हातातून निसटला: हा सरळ निरोप आहे, घरातल्या पुरुषावर येत्या आठवड्यात बेतणार. यात गूढ काही नाही. हा धागा नसून सूचना फलक आहे. पण एखादी म्हातारी कोपऱ्यात तांदूळ निवडता निवडता काहीतरी पुटपुटते, कॅमेरा तिच्याकडे वळत नाही, संगीत वाजत नाही आणि सुना आपापलं बोलत राहतात, तिथे आवाज वाढवा. लेखकाला खरंच काही लपवायचं असतं तेव्हा तो ते मोठ्याने लपवत नाही. ज्या वाक्यानंतर तीन चेहऱ्यांवर तीन-तीनदा झूम होतो आणि वीज कडाडते, त्यात बहुतेक काही नसतं. ती वीज जाहिराती लागायच्या आधी तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवायला असते.

प्रोमो हा धाग्याचा सर्वांत लबाड प्रकार. प्रोमोत बसणारी थोबाडीत शनिवारपर्यंत बसत नाही, आणि बसलीच तर ते स्वप्न निघतं. प्रोमोवरून पैज लावू नका.

आता श्रेयनामावली. ती वेगाने सरकते, तरी वाचायला शिका. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी कामं वाटलेली असतात. म्हणजे खुनी ज्याच्या डोक्यात जन्मतो, ज्याच्या हातून त्याला सुरा मिळतो आणि ज्याच्या वहीतून तो बोलतो, ती माणसं वेगळी असू शकतात. वाड्यातला एखादा धागा माडीवर जाऊन परत खाली आलाच नाही, तर तिघांपैकी कोणाच्या तरी टेबलावर तो राहिला असेल. मालिकांतली मुलं शाळेत जातात आणि परत येत नाहीत, आत्या पुण्याला जाते आणि तिचं नावही कोणी काढत नाही, ते यामुळेच. पोलिसांत तक्रार देऊ नये.

वाड्याकडे नव्हे, कारखान्याकडे बघा

इथे दिवा पद्धत इतर पद्धतींपेक्षा वेगळी होते. इतर लोक विचारतात, ‘खून कोणी केला असेल?’ आपण विचारायचं, ‘खून आत्ताच का झाला?’

आमच्या मजल्यावर कुडाळच्या एक काकू आहेत. या शास्त्रातल्या त्या अधिकारी व्यक्ती. एकदा मालिकेतला बरा चाललेला एक तरुण अचानक दरीत पडला, आणि शेजारची मुलगी डोळे पुसत विचारायला आली, ‘काकू, कोणी ढकललं असेल हो?’ काकू आमसुलं वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अगो, तो खयचो मरता! तेका दुसरी शिरेल गावली असतली.’ आणि तसंच निघालं. महिन्याभरात तो दुसऱ्या चॅनेलवर साखरपुड्याला उभा होता.

हा एक प्रसंग दहा पाठांच्या बरोबरीचा आहे. रोजची मालिका आधी लिहून, बांधून, मग दाखवायला काढलेली नसते. ती चालता चालता लिहिली जाते, दाखवायच्या भागांची शिल्लक अनेकदा काही दिवसांचीच असते, आणि दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. ते गुरुवारचे आकडे बघून शुक्रवारी माणसं जगतात आणि मरतात. ज्या नोकराच्या तोंडची दोन वाक्यं लोकांना आवडली, त्याचा खुनी होण्याचा बेत रद्द होतो. ज्या जावेला कोणी बघेना, तिच्या पदराआड सुरा दिसायला लागतो. तेव्हा पहिल्या महिन्यात पेरलेला धागा आठव्या महिन्यात का उगवला नाही, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं, की पेरणाऱ्यालाच तेव्हा पीक कोणतं ते ठरवायचं होतं. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीने चित्रीकरणं थांबली आणि पात्रं उंबरठ्यावर एक पाय टाकून महिनोन्‌महिने उभी राहिली. तेवढ्या काळात दिव्यातल्या एकेका मजल्याने मालिकेचे जे शेवट रचले, त्यातले निम्मे तरी टीव्हीवर आलेल्यांपेक्षा सरस होते.

बदललेला चेहरा हा याच पाठातला अवघड भाग. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वात शेवंता होती अपूर्वा नेमळेकर, आणि अख्खा महाराष्ट्र तिच्या नथीवर नजर ठेवून होता. तिसऱ्या पर्वात २०२१मध्ये मध्येच शेवंता म्हणून कृतिका तुळसकर आली. नवशिक्याने विचारलं, ‘भूत रूप बदलतं, हा धागा ना?’ नाही. भुताचा करार बदलला. सतीश राजवाडे यांच्या ‘असंभव’मध्येही नायिका शुभ्रा मध्येच दुसरी झाली होती. तिथे निदान विषयच पुनर्जन्माचा होता, त्यामुळे आमच्या घरी दोन दिवस ते कथेतच आहे असं समजून आम्ही पुढे बघत राहिलो. लेखकाला न मागता मिळालेली सवलत होती ती.

‘कोण’ की ‘कसं’

आता थोडं गंभीर. या शास्त्रात एक गोष्ट पक्की बसली की बाकीचं आपोआप येतं.

‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व जानेवारी २०१९मध्ये सुरू झालं आणि ते गोष्टीत मागे गेलं, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. म्हणजे शेवट सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. म्हातारा मरणार. गूढ मालिकेला याहून मोठा घातपात नाही, असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. माधव अभ्यंकरांचा अण्णा, त्याची ती नजर, घरात बायको माई आणि पाटणकरांकडे शेवंता, हे बघायला पहिल्या पर्वाला नावं ठेवणारेही परत आले. कारण आता प्रेक्षकाच्या हातात उत्तर होतं आणि तो प्रश्न शोधत होता. अण्णाने कोणाकडे बघून पान लावलं, कोणाच्या जमिनीचा कागद कुठे ठेवला, माईने ताट वाढताना कुठली भाजी वाढली नाही, प्रत्येक गोष्ट पुढच्या मरणाकडे बोट दाखवायला लागली. लेखकाने मुद्दाम न पेरलेलंही धागा होऊन बसलं.

‘देवमाणूस’नेही हेच केलं. ऑगस्ट २०२०मध्ये आलेली, वाईच्या डॉक्टरच्या २०१६मध्ये उघडकीला आलेल्या खून प्रकरणावरून सुचलेली ही मालिका. गावाला डॉक्टर देवमाणूस वाटतो, आणि आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं की तो खुनी आहे. कोण, हा प्रश्नच नाही. तो आता कोणाला ‘या ना, तपासतो’ म्हणणार एवढंच, आणि तेवढ्यावर वर्षभर लोक नखं खात बसले. डॉक्टर झालेला किरण गायकवाड नुसता हसला तरी आमच्या शेजारचे काका चॅनेल बदलायचे आणि अर्ध्या मिनिटात परत यायचे.

बाहेरच्या देशांत हे आधीच कळून चुकलं होतं. अमेरिकेतल्या ‘डॅलस’ने मार्च १९८०मध्ये जे. आर. या पात्रावर गोळी झाडली आणि कोणी झाडली ते नोव्हेंबरात सांगितलं. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी झाडल्याचे प्रसंग चित्रित करून ठेवले होते. दहा वर्षांनी आलेल्या ‘ट्विन पीक्स’च्या कर्त्यांना लॉरा पामरचा खुनी इतक्यात सांगायचाच नव्हता. चॅनेलने आग्रह धरला, नाव सांगितलं गेलं, आणि १९९१मध्ये मालिका आटोपली. उत्तर मिळालं की लोक उठून भांडी घासायला जातात, हे त्या चॅनेलला कुडाळच्या काकूंनी फुकट सांगितलं असतं.

उलट टोकाची मालिका म्हणजे ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’. तिथे धागे लपवलेले नव्हतेच. पंचपिटिका नावाने चक्क कोडीच मांडलेली होती, आणि ऐश्वर्या नारकरची रूपाली डोळे वटारून उभी. नवशिक्यांना हिचा सराव चालेल. कोडी सुटत नाहीत, पण चेहरा बघून उत्तर कळतं.

या सगळ्यांत माझा आवडता धागा मात्र पांडूचा. नाईकांच्या वाड्यावरचा पांडू. घरातलं त्याला सगळं ठाऊक, आणि ऐन मोक्याला विचारलं की उत्तर एकच: ‘इसारलंय!’ आम्ही सगळे समजत होतो की पांडू काहीतरी लपवतोय. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकीही एक होते. लेखक स्वतः पडद्यावर येऊन ‘विसरलो’ म्हणतोय, याहून प्रामाणिक धागा मराठी टीव्हीवर कोणी दिला असेल असं मला वाटत नाही. तो सर्वांसमोर होता आणि आम्ही विहिरीत वाकून बघत होतो.

डब्यातले नियम

निष्कर्ष मांडायची जागा म्हणजे सकाळची लोकल. इथे वेळ कमी आणि गर्दी फार, तेव्हा शिस्त पाळावी. दिव्याला चढताना नाव घेऊ नये. चढणं हेच एक पूर्ण वेळचं काम आहे. मुंब्रा गेल्यावर, दोन्ही पाय जमिनीला लागल्याची खात्री झाली की, ‘काल बघितलंस?’ एवढंच विचारावं. समोरची ‘नाही गं, लाइट गेली’ म्हणाली, तर तिला आधी अख्खा भाग सांगावा, आणि सांगताना आपल्या संशयिताचं वाक्य किंचित जास्त संशयास्पद करून सांगावं. याला खोटं म्हणत नाहीत, याला पटकथा म्हणतात. कळव्याला वाद सुरू होऊ द्यावा. ठाण्याला उतरणाऱ्या बायकांना शेवटचा शब्द द्यावा, कारण त्या नाहीतरी तो घेतल्याशिवाय उतरत नाहीत.

आदल्या रात्री मोबाइलच्या ॲपवर भाग आधीच बघून ठेवणाऱ्या व्यक्ती डब्यात असतात. त्यांना दाराजवळ उभं करावं.

उत्तर मिळालंच नाही तर

हे होणार. मालिका अचानक संपते, दिलेल्या वेळेवर दुसरीच सुरू होते, आणि माडीवर गेलेली आत्या, बंद खोलीतली पेटी, मध्यरात्री येणारा अनोळखी फोन, सगळं हवेत राहतं. घाबरू नये. न सुटलेल्या प्रश्नांची एक वही करावी आणि पहिल्या पानावर मालिकेचं नाव न लिहिता संशयितांची नावं लिहावीत, कारण तेच नट पुढच्या मालिकेत येतात. त्यातला एखादा तिथे काका झाला असेल आणि सतत देवळात जात असेल, तर त्याच्या नावापुढे आतापासूनच फुली मारून ठेवा.

आकेरीला जाऊन वाडा प्रत्यक्ष बघावा, असंही अनेकांना वाटतं, आणि मालिका जोरात होती तेव्हा लोक लांबून लांबून जातही होते. जायचं तर सावंतवाडीच्या गाडीला पहाटेच लाइनीत उभं राहावं लागेल. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या दिवसांत जागा मिळणं हे वेगळंच गूढ आहे. पोहोचलात तर लक्षात ठेवा की ते कोणाचं तरी राहतं घर आहे. विहिरीत डोकावू नये, माडीकडे बोट दाखवू नये, आणि अंगणात कोणी दिसलं तर ‘अण्णा आहेत का?’ असं मुळीच विचारू नये. तो विनोद त्यांनी आपल्याआधी बऱ्याच जणांकडून ऐकलेला आहे.

पुढचा पाठ नवी मालिका सुरू होईल त्या सोमवारी. वही आणा, आणि पहिल्या भागात चहा घेऊन येणारा माणूस नावाजलेला नट आहे का, तेवढं बघून या.